एक चाक डांबरावर

मित्रांनो, रस्त्याने ट्रॅक्टर गेला की तुम्ही वळून बघता. त्याला आवाज असतो, दिवे असतात, वर बसलेला माणूस असतो. त्याच्यामागून काय ओढले जात आहे, इकडे फारसे कुणी बघत नाही. ते जे मागून येते ना, ती मी. मी उसाची ट्रॉली आहे. आता जुनी झाले आहे. रंग उडाला आहे, मागे उघडणाऱ्या फाळक्याच्या बिजागऱ्या कुरकुरतात आणि मागचा लोखंडी बार एका जागी आत दबला आहे. माझ्या मालकाने, बन्सीने, माझे बाकी सगळे दुरुस्त केले, पण त्या बाराला हात लावायचे त्याला धाडस झाले नाही. तो का दबला आणि त्यानंतर मी कोणती माणसे पाहिली, ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म चौफुल्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. आधी मी नुसते लोखंडाचे चॅनेल आणि पत्रे होते. वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर उडाल्या, स्प्रिंगचे पाटे बसले, चाके बसली आणि एक दिवस बन्सी मला न्यायला आला. त्याने माझ्याभोवती फेरी मारली, हौद्यावर थाप मारली आणि स्वतःशीच हसला. मांडवगण फराट्याला बुद्धविहाराशेजारी त्याचे घर. तिथे पोचल्यावर त्याची बायको सीमा बाहेर आली. तिने माझ्या फाळक्यावर निळ्या रंगात ‘जय भीम’ लिहून घेतले आणि त्याखाली एक पांढरे फूल काढायला लावले. “फुलाशिवाय नुसतं लोखंड बरं दिसत न्हाई,” ती म्हणाली.

त्यानंतर मी खूप राबले. थंडीत ऊस वाहिला, उन्हाळ्यात शेणखत आणि माती वाहिली. लग्नसराईत मांडवाचे खांब, खुर्च्या आणि मोठमोठी पातेली नेली. विहाराच्या नव्या भिंतीच्या विटा माझ्यातूनच आल्या. ऊसतोडीच्या बायका दुपारी माझ्या सावलीत भाकरी खायच्या. कारखान्याच्या वजनकाट्यावर मी भरून उभी राहिले की बन्सीची मान ताठ व्हायची.

गावात कस्तुराबाईंचे उसाचे रान होते. त्यांचे यजमान लवकर गेले. सत्यजीत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. थोरले दीर मारुतराव शेजारच्याच घरात राहायचे. मारुतरावांच्या पत्नीही मूल लहान असतानाच वारल्या, म्हणून त्यांचा इंद्रजीतसुद्धा कस्तुराबाईंच्या हातचे जेवूनच मोठा झाला. सत्यजीत आणि इंद्रजीत चुलतभाऊ, पण एका ताटात जेवणारे. मारुतरावांना पंचक्रोशीत मान होता. ग्रामपंचायत असो की सोसायटी, त्यांचा शब्द चालायचा.

सत्यजीत मला फार आवडायचा. त्याच्या रानात ऊस भरताना तो कामगारांबरोबर स्वतः मोळ्या उचलायचा. भरून झाले की बन्सीला म्हणायचा, “बन्सीदादा, आता च्या घेतल्याबिगर चाक हलवायचं न्हाई.” आणि खरोखरच तो माझ्या चाकाला पाठ टेकून, किटली मांडीशी घेऊन बसायचा. इंद्रजीत तसा नव्हता. तो वाईट मुलगा होता असे मी म्हणणार नाही. हसरा होता, दिलदार होता. पण त्याला कुणी कधी ‘नको’ म्हटले नव्हते. गाडी जोरात चालवली तरी लोक कौतुकाने बघायचे आणि पिऊन चालवली तरी मारुतरावांचा मुलगा म्हणून गप्प बसायचे.

एक खरी गोष्ट आधीच सांगते. माझ्या मागचा लाल दिवा कधी नीट टिकला नाही. उसाच्या मोळ्या बांधताना त्याची वायर तुटायची. बन्सी जोडायचा, ती पुन्हा तुटायची. शेवटी सीमाने एक उपाय काढला. ती शिक्रापूरकडच्या एका कंपनीत साफसफाईच्या कामाला जायची. तिथे कामगारांची जुनी झालेली सेफ्टी जाकिटे टाकून देत. साहेबांना विचारून तिने ती घरी आणली, त्यांच्या चमकणाऱ्या पट्ट्या कापल्या, तांबडे रेडियम आणून मधोमध लावले आणि एका जाड पोत्यावर सगळे शिवून टाकले. ते पोते माझ्या मागे बांधले की मागून येणाऱ्या गाडीच्या उजेडात मी झगमगायचे. माझ्या आयुष्यातला तो एकमेव दागिना.

आता त्या संध्याकाळकडे येते.

थंडीचे दिवस होते. न्हावऱ्याच्या शिवारातला ऊस भरून आम्ही भीमेपलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या कारखान्याकडे निघालो होतो. दिवेलागण होऊन अंधार पडला होता. अचानक माझे डावीकडचे पुढचे चाक फुटले. बन्सीने ट्रॅक्टर जेवढा डावीकडे घेता येईल तेवढा घेतला. पलीकडे खोल चर होता. आणखी सरकलो असतो तर भरल्या उसासकट मी उलटले असते. माझी तीन चाके साईडपट्टीवर आली. उजवीकडचे मागचे एक चाक मात्र डांबरावर राहिले.

बन्सीने मागे दगड लावले, बाभळीची एक फांदी तोडून आडवी टाकली आणि जॅक काढला. तेवढ्यात मागून दुधाची पिकअप आली. चालवत होता चांगदेव, पलीकडच्या गावचा दूधवाला. त्याने लांबूनच वेग कमी केला, आमच्या शेजारून सावकाश गाडी काढली आणि पुढे थांबून डोके बाहेर काढले.

“काय झालं, बन्सीभाऊ? हात लावू का?”

“नगं, टायर फुटलंय. तुझं दूध नासंल. जा तू.”

चांगदेव गेला. बन्सी पुन्हा जॅककडे वळणार, इतक्यात मागच्या वळणावर मोठमोठे दिवे दिसले. गाडी सरळ येत नव्हती. ती रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जात होती. बन्सी मोबाईलची बॅटरी लावून मागे धावला, हात हलवू लागला, ओरडू लागला. मला वाटत होते, आता वेग कमी होईल, आता होईल. झाला नाही. शेवटच्या क्षणी बन्सीने शेतात उडी मारली आणि ती गाडी माझ्या मागच्या बारावर आदळली.

भरल्या उसासकट मी पुढे ढकलले गेले, ट्रॅक्टरही ढकलला गेला. धूळ बसली तेव्हा बन्सी गाडीचे दार ओढत होता. चालवणारा इंद्रजीत होता. त्याचा हात मोडला होता, पण तो शुद्धीवर होता. शेजारी सत्यजीत होता. बन्सीने त्याला बाहेर काढून त्याचे डोके मांडीवर घेतले, फोन करून गाडी बोलावली. सत्यजीतने डोळे उघडले. तो एवढेच म्हणाला, “बन्सीदादा, इंद्याला लागलं का?”

दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला रडता येत नाही. पण ज्या मुलाने माझ्या चाकाला पाठ टेकून चहा प्यायला, तो माझ्याच बारावर आदळून गेला, हे मी अजून पचवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मला पोलीस ठाण्याच्या आवारात आणून उभे केले. मारुतरावांनी फिर्याद दिली होती. रस्त्याच्या मधोमध, दिवा नसलेली ट्रॉली उभी होती, म्हणून माझा पुतण्या गेला, असे त्यांचे म्हणणे. बन्सीला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले. आवारात येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “हीच ती. हिच्यामुळं पोरगं गेलं.” इतकी वर्षे मी लोकांचे ओझे वाहिले होते. असले ओझे कधी वाहिले नव्हते.

तपास होता फौजदार राजश्री मॅडमकडे. तरुण बाई, बोलायच्या कमी. त्यांनी माझ्याभोवती फिरून मला पाहिले. मग इंद्रजीतच्या गाडीजवळ गेल्या. तिच्या चेपलेल्या तोंडात त्यांना सीमाचे चमकते पोते अडकलेले सापडले. दवाखान्यात इंद्रजीतचे रक्त तपासायला घेतले होते, त्यात भरपूर दारू निघाली. तरी त्यांनी घाईने निकाल लावला नाही. त्या बन्सीला म्हणाल्या, “तो प्यायला होता हे खरं. तुमच्या ट्रॉलीला दिवा नव्हता हेही खरं. पोरगा नक्की कशानं गेला, ते मला शोधायचंय. मला काय वाटतं त्याला कोर्टात किंमत नाही.”

त्या बाईंबद्दल मला तेव्हापासून आदर वाटू लागला.

त्याच दिवसांत कस्तुराबाई आवारात आल्या. त्या थेट माझ्याकडे आल्या आणि दबलेल्या बारावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बन्सी माझ्या पलीकडे हजेरीसाठी बसला होता. तो उठला.

“बन्सी, खरं सांग. दिवा व्हता का रं?”

“न्हाई काकू. रेडियमचं पोतं व्हतं मागं. दगड लावले व्हते. मी बॅटरी घेऊन पळालो.” मग खाली बघत म्हणाला, “आन् मागचं एक चाक डांबरावर व्हतं, काकू.”

कस्तुराबाईंनी बारावरचा हात काढून घेतला. मग विचारले, “काय बोलला का माझा सत्या?”

“इंद्याला लागलं का, एवढंच इचारलं.”

त्यांनी पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात मारुतराव त्यांच्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते ऐकले होते.

“ऐकलंस ना कस्तुरा?” ते म्हणाले. “जाताना पोराच्या तोंडात भावाचं नाव व्हतं. एक गेला. आता दुसराबी तुरुंगात घालायचा का? ट्रॉली रस्त्यात व्हती, एवढंच म्हणायचं. खोटंबी न्हाई ते.”

“आबा,” कस्तुराबाई म्हणाल्या, “त्या सांजंला मी फोन केला व्हता. सत्याचा फोन इंद्यानं उचलला. जीभ जड झाली व्हती त्याची. मी म्हणलं, हाय तिथंच थांबा, ढाब्यावरून हलू नगा, मी गाडी पाठवते. तर म्हणला, काकू, आत्ता पोचतो बघ. मी आणिक काय बोलायच्या आत ठेवला त्यानं फोन.”

“ते कुणाला ठाव न्हाई.”

“मला ठाव हाय की.”

“इंद्या तुझ्या हाताखाली वाढला, कस्तुरा!”

“म्हणूनच म्हणते. माझ्या हाताखाली वाढलेल्या पोराचं पाप मी बन्सीच्या लेकरांवर टाकू व्हय?”

मारुतराव निघून गेले. त्या दिवसापासून दोन घरांमधले बोलणे बंद झाले.

पुढच्या आठवड्यात राजश्री मॅडमनी मला पुन्हा त्याच जागेवर नेले. उसाने भरून, तसेच पोते बांधून, एक चाक डांबरावर ठेवून मला उभे केले. तशीच दिवेलागण झाली, तसाच अंधार पडला. दोन पंच बरोबर घेऊन मॅडम स्वतः जीप घेऊन मागून आल्या. एकदा नाही, अनेकदा आल्या. कधी मोठे दिवे लावून, कधी लहान. प्रत्येक वेळी वळण संपता संपता माझे लाल-पांढरे चमकणे त्यांना दिसायचे आणि जीप आरामात शेजारून निघून जायची. मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात रस्त्यावर वाकून पाहिले. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेले फोटोही त्यांच्याकडे होते. ब्रेक दाबल्याची एकही खूण तिथे नव्हती. इंद्रजीतने ब्रेकला पाय लावलाच नव्हता.

आरोपपत्र इंद्रजीतवर दाखल झाले. बन्सी साक्षीदार झाला. पण तेवढ्याने त्याचा घोर संपला नाही. कोर्टाने जर मलाच कारणीभूत ठरवले असते, तर इंद्रजीत मोठ्या आरोपातून सुटला असता आणि बोट पुन्हा बन्सीकडे वळले असते.

मला तोवर घरी आणले होते. शिरूरच्या कोर्टात ट्रॉलीला कोण बोलावणार? पण तारीख झाली की बन्सी आणि सीमा माझ्या फाळक्यावर बसून सगळे बोलायचे. मी तिथूनच ते ऐकले.

साक्षीच्या आदल्या दिवशी सीमा त्याला म्हणाली, “त्या चाकाचं बोलायचं न्हाई. धडकेनं ट्रॉली फुडं गेली. चाक कुठं व्हतं ते आता कुणालाबी सांगता यायचं न्हाई. मॅडमलाबी तूच सांगितलंस. कोर्टात म्हण, अंधारात मला नीट दिसलं न्हाई. कुणी पाहिलंय?”

“मी पाहिलंय न्हवं,” बन्सी म्हणाला.

सीमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मग सांग,” ती म्हणाली. “पर सगळं सांग. पोत्याचंबी सांग.”

इंद्रजीतच्या बाजूने पुण्याहून मोठे वकील आले होते. ते आवाज चढवत नसत. पहिल्याच दिवशी ते न्यायाधीशांना म्हणाले, “माझा अशील प्यायला होता, हे मी नाकारत नाही. पिऊन गाडी चालवणं हा गुन्हाच आहे, त्याची शिक्षा द्या. पण पिण्यामुळेच मृत्यू झाला, हे कुठे सिद्ध होतं? दिवा नसलेल्या ट्रॉलीवर शुद्धीतला माणूसही आदळला असता.”

मित्रांनो, हे ऐकून मला आधी राग आला. मग वाटले, प्रश्न खोटा नाही. एका माणसाला ‘तुझ्यामुळे जीव गेला’ असे म्हणायचे तर ते नीट तपासूनच म्हटले पाहिजे. तो प्यायला होता म्हणून सगळे त्याच्या माथी मारणे सोपे होते. तसेच मी रस्त्यात होते म्हणून सगळे माझ्या माथी मारणे सोपे होते. कोर्टाने दोन्ही सोप्या वाटा घेतल्या नाहीत, याचे मला आजही कौतुक वाटते.

बन्सी पिंजऱ्यात उभा राहिला. वकिलांनी विचारले, “ट्रॉली पूर्णपणे रस्त्याच्या बाहेर होती, असं शपथेवर सांगता?”

“न्हाई साहेब. मागचं एक चाक डांबरावर व्हतं.”

कोर्टात कुजबुज झाली. वकील लगेच पुढे झाले. “म्हणजे रस्त्यात अडथळा होता.”

“व्हता. थोडा व्हता. पर दिसत व्हता, साहेब.”

मग चांगदेव आला. तो म्हणाला, “मी त्याच बाजूनं, त्याच अंधारात गेलो. लांबून तांबडं चमकलं. मला वाटलं, कायतरी बंद पडलंय. वेग कमी केला आन् काढली गाडी. त्यात काय एवढं?” वकिलांनी त्याला पुष्कळ फिरवून विचारले. तो प्रत्येक वेळी तेवढेच म्हणाला.

वकिलांनी डॉक्टरांनाही विचारले की दवाखान्यात लवकर पोचला असता तर मुलगा वाचला असता का. डॉक्टरांनी सांगितले की छातीवरचा मार असा होता की तो वाचण्याची आशा नव्हती.

मग कस्तुराबाईंची साक्ष झाली. बन्सी सांगत होता, त्या पिंजऱ्यात गेल्या तेव्हा पाठीमागच्या बाकावर मारुतराव खाली मान घालून बसले होते. सरकारी वकील होत्या अनिताताई. त्यांनी फोनचे सगळे विचारले आणि कस्तुराबाईंनी एकही शब्द कमीजास्त न करता सांगितले. इंद्रजीतचे नाव घेताना त्या दर वेळी ‘आमचा इंद्या’ असेच म्हणत होत्या.

वकील उठले. “तुमचा मुलगा त्या गाडीत स्वतःच्या मर्जीनं बसला होता ना?”

“व्हय.”

“चालवणारा प्यायलेला आहे, हे त्याला दिसत होतं?”

“दिसत असंल.”

“मग या मृत्यूला तुमचा मुलगाही थोडा कारणीभूत नाही का?”

अनिताताई हरकत घ्यायला उठत होत्या, पण कस्तुराबाईंनी हात वर करून त्यांना थांबवले.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माझा सत्या भावाशेजारी बसला. मरायला न्हाई बसला. त्यानं उतरायला पायजे व्हतं, हे मी रोज म्हणते. पर स्टेरिंग त्याच्या हातात न्हवतं. माझ्या इंद्याच्या हातात व्हतं. आन् थांब म्हणून मी त्याला सांगितलं व्हतं.”

शेवटी न्यायाधीशांनी इंद्रजीतला विचारले, तुला काही सांगायचे आहे का. वकिलांनी त्याला गप्प राहायला शिकवले होते. तो उठला, त्याने आपल्या वकिलांकडे न बघता काकूंकडे बघितले आणि म्हणाला, “काकूंचा फोन आला व्हता. खरं हाय ते. थांबायला पायजे व्हतं.” एवढे बोलून तो लहान मुलासारखा रडू लागला.

अनिताताईंनी शेवटच्या दिवशी फार लांबण लावली नाही. त्या म्हणाल्या, “ट्रॉली तीच होती, रस्ता तोच होता, अंधार तोच होता. त्यातून चांगदेव सुखरूप गेला. फरक होता तो फक्त चालवणाऱ्यात.”

न्यायाधीशांचा निकाल बन्सीने जसा सांगितला, तसा मी तुम्हाला सांगते. ते म्हणाले, ट्रॉलीचे एक चाक रस्त्यावर होते आणि तिला दिवा नव्हता, ही चूक आहे. ती झाकायची गरज नाही, कारण ट्रॉलीवाल्याने स्वतःच ती झाकलेली नाही. परंतु रस्त्यावर पंक्चर झालेली वाहने उभी असतात, जनावरे येतात, माणसे चालतात. या सगळ्यांना पाहून थांबता यावे, म्हणूनच चालवणारा शुद्धीवर लागतो. आरोपीने प्यायल्यामुळे ट्रॉली पाहिली नाही, बॅटरी पाहिली नाही, ब्रेक दाबला नाही. थांबवले असतानाही तो निघाला. या मृत्यूला कारणीभूत तोच आहे.

इंद्रजीतला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

बन्सीला वाटले होते, कस्तुराबाईंना आता थोडे हलके वाटेल. पण त्या बाहेरच्या व्हरांड्यात इंद्रजीतजवळ गेल्या. पोलीस त्याला नेत होते. ते जरा थांबले. कस्तुराबाईंनी त्याच्या मोडून बरा झालेल्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तिथं येळेवर जेवत जा. पोट रिकामं ठेवायची सवय न्हाई तुला. मी येते भेटायला.” हे ऐकून सीमा उठून घरात निघून गेली. मी मात्र तिथेच उभी होते आणि मनातल्या मनात त्या बाईंना हात जोडत होते.

त्यानंतर बन्सीने माझ्या मागे पक्के लाल दिवे बसवले. वायर लोखंडी नळीतून नेली, ती आता तुटत नाही. सीमाने नवे पोतेही शिवले. कारखान्याच्या आवारात कुणाची ट्रॉली आंधळी दिसली की ती स्वतः जाऊन सांगते, “दादा, मागं कायतरी लावा.” काही जण हसतात, काही जण लावतात.

आता एक शेवटची हकीकत. गेल्या लग्नसराईत मी केंदूरला मांडवाचे सामान घेऊन गेले होते. कस्तुराबाईंच्या माहेरकडचे लग्न होते. दुपारची पंगत उठली. ऊन कलल्यावर आम्ही खुर्च्या आणि पातेली भरत होतो. मांडवामागून चार तरुण पोरे आली. पुढे होता नवऱ्या मुलाचा मित्र, गाडीची चावी बोटाभोवती फिरवत. त्याचे पाय थोडे अडखळत होते.

कस्तुराबाई खुर्चीवरून उठल्या आणि गाडीच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढे केला.

“चावी दे बाळा.”

तो हसला. “अवो काकू, एवढी न्हाई घेतली. घोटभर. मला काय व्हत न्हाई.”

“दे म्हणते ना.”

“लोक बघतायत, काकू. बाजूला व्हा.” पोरगा आता चिडला होता. बाकीची पोरे गालातल्या गालात हसत होती. मांडवातली मोठी माणसे, पुढारी, पाहुणे, सगळे बघत होते आणि कुणीही जागचे हलत नव्हते.

मग एक माणूस हलला. मारुतराव. इंद्रजीतला शिक्षा झाल्यापासून ते फारसे कुठे जात नसत. त्या लग्नातही एका कोपऱ्यात बसले होते. कस्तुराबाईंशी त्यांचे अजून बोलणे नव्हते. ते काठी टेकत आले आणि भावजयीच्या शेजारी, गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांनीही आपला हात पुढे केला.

“दे पोरा,” ते म्हणाले. “माझ्या पोराकडं मी कवाच मागितली न्हाई.”

पोराचे हसू गेले. त्याने मारुतरावांकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि चावी त्यांच्या हातात ठेवली.

“आता आमी घरी कसं जायचं, आबा?” मागच्या एकाने हळूच विचारले.

मारुतरावांनी माझ्याकडे मान वळवली. “बन्सी, जागा हाय का रं?”

“हाय की आबा,” बन्सी म्हणाला. “खुर्च्या सरकवतो.”

मित्रांनो, मग ती चार पोरे माझ्यात बसली. अंगावर भारीभारी कपडे आणि मांडीवर मोठमोठी पातेली. वाटेत खड्डा आला की पातेली वाजायची, पोरे एकमेकांवर आदळायची, लोक वळून बघायचे. एकाला तर वाटेत झोप लागली. बन्सीने त्यांना एकेकाच्या दारात उतरवले. शेवटच्या पोराच्या घरी त्याची आई अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर करून विचारले, “आरं, ट्रॉलीतनं कसा आलास? गाडी कुठंय?” पोरगा लाजून आत पळाला. बन्सीने तिला काही सांगितले नाही. तीही परत भांडी घासायला लागली.

मी तिथे उभी राहून ते बघत होते. संध्याकाळची भांडी घासणारी आई, घरात झोपायला गेलेला मुलगा. यात सांगण्यासारखे काहीच घडले नव्हते. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात स्टेरिंग येईल, तुमचेही मित्र असतील, भाऊ असतील. कुणी पिऊन गाडीकडे निघाला तर तो आपला आहे म्हणून गप्प बसू नका. तो आपला आहे म्हणूनच त्याच्या आडवे उभे राहा. त्याला राग येऊ दे, लोकांना हसू दे. आमच्यासारख्या ट्रॉलीत बसवून पाठवा हवे तर. थोडी पाठ दुखेल, पण घरी नक्की पोचेल.